शिनोळीला माल दिला आणि कॉम्पोझिशन गेलं: सीमाभागातल्या छोट्या धंद्यांचा टॅक्स

बाची_नाका | ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझं बेळगावजवळ, कर्नाटकच्या हद्दीत, वेंगुर्ला रोडच्या अंगाला हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, फिटिंग, नळ, थोडं रंगाचं सामान. वर्षाची विक्री ५० लाखांच्या आसपास, म्हणून चार वर्षांपूर्वी जीएसटीचं कॉम्पोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांची सोपी योजना, घेतलं होतं. विक्रीवर १ टक्का भरायचा, दर तिमाहीला सीएमपी-०८ फॉर्म, वर्षातून एकदा जीएसटीआर-४ रिटर्न. डोक्याला ताप नाही.

गेल्या डिसेंबरात शिनोळीच्या एका शेडचं काम निघालं. मालक ओळखीचा, वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. बाची ओलांडली की महाराष्ट्रातली शिनोळी. आमच्या दुकानातून खानापूरला जायला जास्त वेळ लागतो. एकेक खेप ४०-४५ हजारांची, त्यामुळं ५० हजारांपुढच्या मालवाहतुकीला लागणाऱ्या ई-वे बिलाचा विषयच आला नाही. सहा खेपा गेल्या. सहाही बिलांवर मी स्वतःच्या हातानं पत्ता लिहिला: शिनोळी, ता. चंदगड, जि. कोल्हापूर.

मार्चमध्ये नोटीस आली, सीएमपी-०५. कन्नडमधली होती, शेजारच्या पोराकडून वाचून घेतली. १५ दिवसांत उत्तर द्या म्हणून. गेलो तर तीच सहा बिलं टेबलावर पसरलेली. कॉम्पोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. पहिलं बिल ज्या तारखेचं, त्या तारखेपासून कॉम्पोझिशन संपलं. मग शिनोळीचाच माल नव्हे, तर तेव्हापासून मार्चपर्यंत काउंटरवर विकलेला एकेक नळसुद्धा १८ टक्क्यांत आला. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा जाऊन व्याजासकट १ लाख ८२ हजार भरले. हा कर मी गिऱ्हाइकाकडून घेतलेलाच नव्हता, सगळा खिशातून गेला.

माझे हिशेब लिहिणाऱ्याला मी बोल लावत नाही. उलाढाल किती, एवढंच त्यांनी विचारलं आणि तेवढंच मी सांगितलं. माल कुठं उतरतो हे ना त्यांनी विचारलं, ना मला सांगावंसं वाटलं. आपल्या भागात खरं तर हाच प्रश्न पहिला विचारायला हवा. बहीण गडहिंग्लजला, सासुरवाडी चंदगडला, शेत निपाणीत अशी आपली घरं. मध्ये राज्याची हद्द आहे हे आपल्या लक्षातच राहत नाही. टॅक्सवाल्यांच्या मात्र राहतं.

म्हणून हा धागा. प्रत्येकानं आपला धंदा काय आणि माल किंवा काम कुठं जातं ते लिहा. जाणकारांनी उत्तरं द्यावीत ही कळकळीची विनंती.

---

जुना_हिशेबनीस | ३ ऑगस्ट, रात्री १०.५५

बाची_नाका, वाचून वाईट वाटलं. तीस वर्षं वह्या लिहितोय, असं प्रकरण दरवर्षी एखादं तरी बघतो.

जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायची सवय सगळ्यांनी लावून घ्या. २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. तुमचा २९ आणि माल उतरणार २७ मध्ये, तर ती आंतरराज्य विक्री. मग अंतर दोन किलोमीटर असो की दोनशे.

कॉम्पोझिशन दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत मिळतं. व्यापारी आणि उत्पादक १ टक्का, हॉटेल-खानावळ ५ टक्के. नुसती सेवा देणाऱ्यांना ५० लाखांपर्यंत ६ टक्के. बंदी बाहेर *विकण्यावर* आहे, बाहेरून *आणण्यावर* नाही. इचलकरंजीहून कापड आणा, कोल्हापूरहून पाइप आणा, चालतं. बाहेरचं गिऱ्हाईक कायमचं मिळणार असं दिसलं की पहिल्या बिलाच्या आधीच सीएमपी-०४ भरून बाहेर पडायचं. नंतर भरायचा झाला तरी सात दिवसांच्या आत.

दुसरी गैरसमजूत त्याहून मोठी आहे. "४० लाखांच्या आत आहे, मला जीएसटी लागत नाही." ही ४० लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. सेवेला २० लाख. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. सेवेचं तसं नाही. बेळगावात बसून पुण्याच्या माणसाला डिझाइन करून दिलं तरी २० लाखांची सवलत राहते.

---

शहापूर_माग | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

काका, आमच्या घरात चार माग हायत. सूत शेटजीचं, साडी शेटजीची, आम्हाला मजुरी. वर्षाला सगळी मिळून ३ लाख ६० हजार मजुरी झाली, खात्यावर येते. शेटजी १ टक्का कापून देतो, विचारलं तर "टॅक्सला गेलं" म्हणतो. आम्ही कधी रिटर्न भरलं नाही. आम्हाला काय जीएसटी लागतो का? आणि ते कापलेलं कुठं जातं?

---

जुना_हिशेबनीस | ४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

माग, तुमच्या प्रश्नानं सकाळ सार्थकी लागली. ह्यावर कुणी बोलत नाही.

जीएसटी नाही. मजुरीवर विणणं ही सेवा, मर्यादा २० लाख. तुम्ही फार आत आहात. स्वतःचं सूत घेऊन स्वतः साडी विकली असती तर तो माल झाला असता, मग ४० लाखांचा हिशेब.

कापलेला १ टक्का म्हणजे टीडीएस, आधीच कापून घेतलेला आयकर. ३ लाख ६० हजारांवर ३,६०० रुपये. ते सरकारात *तुमच्या* पॅनवर जमा आहेत. शेटजीनं खरंच भरलेत का हे बघायचं असेल तर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या लॉगिनमध्ये २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, उघडा. तिथं शेटजीचं नाव, तारीख, रक्कम ओळीनं दिसते. दिसत नसेल तर शेटजीकडे जाऊन शांतपणे फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, मागा. तो तुमचा हक्क आहे.

आता रिटर्न. तुम्हाला आयटीआर-४ लागेल, आयकराच्या कलम ४४एडीखाली. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवण्याची सक्ती नाही. "किमान" हा शब्द नीट वाचा. वीज, दुरुस्ती, बाना भरणाऱ्या मुलीचा पगार जाऊन हातात जास्त उरत असेल तर जास्तच दाखवायचं. तरी तुमचं उत्पन्न नव्या पद्धतीत ७ लाखांच्या कितीतरी आत, म्हणजे मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचा कर शून्य. ३,६०० परत येतील, पूर्ण.

२०२५ साली मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर केली. हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्यानंतर मात्र परतावा मागण्याचा सरळ रस्ता बंद होतो. अपडेटेड रिटर्न म्हणून जे मिळतं, त्यात परतावा मागता येत नाही. शहापूर, वडगाव, खासबागच्या घराघरात हे हजार-दोन हजार दरवर्षी असेच राहून जातात. गल्लीत सांगा सगळ्यांना.

---

शहापूर_माग | ४ ऑगस्ट, दुपारी १.२०

बघितलं काका. दोन वर्षांचं दिसतंय. गेल्या वर्षीचं गेलं म्हणायचं. यंदाचं आजच भरायला बसतो, पोरगी कॉलेजला आहे, ती करते.

---

खडेबाजार_साडी | ४ ऑगस्ट, सायंकाळी ६.०५

बाची_नाका यांचं वाचून धसका घेतला. लग्नसराईत आमची निम्मी गिऱ्हाईकं गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कोल्हापूरची. दुकानात येतात, बस्ता बांधतात, घेऊन जातात. आमची नोंदणी नेहमीची आहे, कॉम्पोझिशन नाही. आजवर सगळ्यांना सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या विक्रीचा कर, लावला. चुकलं का?

---

जुना_हिशेबनीस | ४ ऑगस्ट, रात्री ९.३०

सगळं नाही, थोडं. हा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून बदललाय आणि बऱ्याच दुकानदारांना माहीत नाही.

गिऱ्हाईक नोंदणी नसलेलं असेल तर बिलावर त्याचा पत्ता लिहिला आहे का, हे बघतात. पत्ता लिहिला तर विक्रीचं ठिकाण त्या पत्त्याचं. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखंच. काहीच लिहिलं नाही तर ठिकाण तुमचं दुकान. म्हणजे आजऱ्याच्या बाईंनी २,८०० ची साडी घेतली, बिलावर फक्त नाव, तर सीजीएसटी-एसजीएसटी बरोबर. बस्ता ७० हजारांचा झाला तर करबिल ५० हजार किंवा वर असल्यानं पत्ता आणि राज्य लिहिणं सक्तीचं. पत्ता आला, राज्य महाराष्ट्र, की आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा कर. गिऱ्हाइकाला रुपयाचा फरक नाही, दर तोच. फरक तुमच्या रिटर्नमध्ये.

काउंटरवरच्या पोरांना एवढं एक शिकवा. ५० हजारांच्या बिलाला थांब, पत्ता विचार, मग संगणकावर राज्य निवड.

कॉम्पोझिशनवाल्यांसाठी: तुमच्या बिल ऑफ सप्लायवर (कर न दाखवणाऱ्या बिलावर) नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता लिहिण्याची सक्ती नाही. माणूस दुकानात येऊन माल उचलून नेतोय तर उगाच पत्ता खरडू नका. टेम्पोनं पाठवताय तर ती गोष्ट वेगळी, तिथं बाची_नाकांचं उदाहरण आहेच.

---

उद्यमबाग_लेथ | ५ ऑगस्ट, सकाळी ११.४०

आमचं जॉबवर्क. फौंड्रीचं कास्टिंग येतं, टर्निंग-ड्रिलिंग करून परत. दोन पार्टी उद्यमबागेतल्या, एक मच्छेची, एक शिनोळी एमआयडीसीची. सगळ्यांना एकाच साच्यातलं बिल, सीजीएसटी अधिक एसजीएसटी. परवा शिनोळीवाल्यांच्या अकाउंट सेक्शननं आठ महिन्यांची बिलं गठ्ठा बांधून परत धाडली. वर चिठ्ठी, "क्रेडिट मिळत नाही, दुरुस्त करेपर्यंत पेमेंट थांबवले आहे". दोन कामगारांचा पगार अडलाय. कर मी भरलाय, एक दिवस उशीर नाही, तरी ही वेळ.

---

जुना_हिशेबनीस | ५ ऑगस्ट, दुपारी २.१०

घाबरू नका, ह्याला कायद्यात वाट आहे. तुमचं काम ही सेवा. घेणारा नोंदणीकृत, त्याचा नंबर २७. म्हणून नुसता आयजीएसटी. कर्नाटकचा एसजीएसटी त्याला महाराष्ट्रात वापरताच येत नाही, त्यामुळं त्याचीही चूक नाही.

बिलं दुरुस्त करून जीएसटीआर-१ मध्ये सुधारणा दाखवा आणि आयजीएसटी भरा. चुकून भरलेल्या सीजीएसटी-एसजीएसटीचा परतावा मागा, योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत. सीजीएसटी कायद्याचं कलम ७७ आणि आयजीएसटी कायद्याचं कलम १९ असं सांगतं की ह्या अदलाबदलीवर व्याज लागत नाही. मधल्या काळात रोख अडकते, हे खरं. पार्टीला सुधारित बिलं आजच मेल करा म्हणजे तुमचं पेमेंट सुटेल.

आणखी एक बघा. शिनोळीचं कास्टिंग तुमच्याकडे येताना ई-वे बिल असतं का? राज्याबाहेर जॉबवर्कला माल पाठवताना ५० हजारांची मर्यादा लागू नाही. चार हजारांचं कास्टिंग असलं तरी ई-वे बिल हवं. मालकानं काढावं किंवा नोंदणी असलेल्या जॉबवर्करनं.

---

उद्यमबाग_लेथ | ५ ऑगस्ट, दुपारी २.३५

नसतं. चलनावर येतं, स्कूटरच्या पुढ्यात पोत्यात बांधून. आजपासून बंद.

---

निपाणी_वखार | ५ ऑगस्ट, रात्री ८.५०

आमच्या तंबाखूचं मी सांगतो, हिशेबनीसकाकांनी चुकलं तर दुरुस्त करावं.

शेतकऱ्याला नोंदणी नाही, आयकर नाही, ते शेती उत्पन्न. पण त्याच्याकडून पान घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला उलटा कर भरावा लागतो, रिव्हर्स चार्ज, ५ टक्के. इथं उलाढालीची मर्यादा बघत नाहीत. शेतकरी बिल देत नाही, म्हणून बिल आपणच आपल्या नावानं फाडायचं, ३० दिवसांच्या आत. कर रोखीच्या खात्यातून भरायचा, क्रेडिटमधून वळता होत नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. कागलकडच्या शेतकऱ्याचं पान असेल तर आयजीएसटी.

वखारीत माल येतो तेव्हा हिशेब मणावर, उचल-बाकी वहीत, आणि बिल महिन्यानं. तिथंच गोची होते. माझ्याकडे आता काट्याच्या चिठ्ठीमागंच बिल नंबर टाकतो, त्याच संध्याकाळी.

---

खानापूर_काजू | ५ ऑगस्ट, रात्री ९.१५

कच्च्या काजूलाही हेच लागू. चंदगडच्या शेतकऱ्याकडून बी आणली की रिव्हर्स चार्ज आणि वर आयजीएसटी. मी पहिल्या वर्षी सीजीएसटी-एसजीएसटीत भरलं होतं. लेथवाल्यांच्या उत्तरातली वाट मलाही लागू दिसते, उद्या फाइल काढतो.

---

संकेश्वर_अडत | ६ ऑगस्ट, सकाळी १०.००

अडतीवर जीएसटी माफ आहे ना? सगळे तसंच म्हणतात. आणि आयकराला मी ४४एडी घेतो.

---

जुना_हिशेबनीस | ६ ऑगस्ट, दुपारी १२.२५

दोन्हीकडे धोका आहे.

शेतमालाच्या अडतीवर माफी आहे. कांदा, मिरची, सोयाबीन ठीक. पण गूळ कायद्याच्या व्याख्येत शेतमाल नाही, तसं २०१७ च्या परिपत्रकातच म्हटलंय. तो प्रक्रिया केलेला माल धरतात. म्हणून गुळावरची अडत त्या माफीत बसत नाही. तुमच्याकडे गूळ किती, बाकी किती, हे वहीत वेगळं करा आणि नोंदणीचं लगेच बघून घ्या.

४४एडी तर अडतीला चालतच नाही. कमिशन-दलालीच्या उत्पन्नाला ते कलम नाही. वह्या ठेवून आयटीआर-३ भरावं लागतं. विमा एजंटांनीही हे वाचावं.

टेम्पोवाले कुणी वाचत असतील तर त्यांचं कलम वेगळं, ४४एई. दहा गाड्यांपर्यंत, १२ टनांच्या आतल्या गाडीला महिना ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं. दोन टेम्पो, बारा महिने, १ लाख ८० हजार.

---

भाजीवाल्याचा_पोरगा | ६ ऑगस्ट, रात्री १०.४०

बाबांचा भाजीचा गाडा आहे. जुलैपासून बेंगळुरूच्या बातम्या बघून त्यांनी क्यूआर कोड फाडून टाकला. म्हणतात यूपीआयवर ४० लाखांच्या वर गेलं की नोटीस येते. आता सगळं रोख. गिऱ्हाईक कमी झालं. काय सांगू त्यांना?

---

जुना_हिशेबनीस | ६ ऑगस्ट, रात्री ११.२०

त्यांना सांग, कोड परत लाव.

नोटिसा आल्या हे खरं, यूपीआयच्या आकड्यांवरून आल्या. मुख्यमंत्र्यांनी २३ जुलैला जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण नोंदणी लागणाऱ्यांनी ती करावी, असं जाहीर केलं. पण तुझ्या बाबांचा मुद्दाच वेगळा. ताजी भाजी करमुक्त आहे. जो फक्त करमुक्त माल विकतो त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागत नाही. कलम २३. नोटीस आली तर बाजारातल्या खरेदीच्या पट्ट्या दाखवायच्या. त्या जपून ठेवतात का?

एक मात्र करा. त्या खात्यावर घरातले पैसे घेऊ नका. मावशीनं पाठवलेले, भिशीचे, उसने परत आलेले, सगळं त्याच क्यूआरवर येतं आणि तिकडं ते विक्रीत मोजलं जातं. धंद्याचं खातं वेगळं, घराचं वेगळं. गाड्यावर थंड पेयांच्या बाटल्या ठेवता का तेही सांग, त्या करमुक्त नाहीत.

---

भाजीवाल्याचा_पोरगा | ७ ऑगस्ट, सकाळी ६.०५

बाटल्या नाहीत. पट्ट्या आई खिळ्याला अडकवते, दोन वर्षांच्या आहेत. सांगतो त्यांना आत्ताच, मार्केटला निघालेत.

---

कुंदा_घरचा | ७ ऑगस्ट, दुपारी ३.३०

मी घरून कुंदा करते, टिळकवाडीत. वर्षाला ९ लाखांची विक्री. त्यातली सहा-साडेसहा लाखांची कुरिअरनं, पुणे, मुंबई, ठाणे. सगळी आपलीच बेळगावची माणसं तिकडं गेलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात. ४० लाखांच्या फार आत म्हणून नोंदणी केली नाही. हा धागा वाचून काल रात्री झोप लागली नाही. मी गुन्हा केलाय का?

---

जुना_हिशेबनीस | ७ ऑगस्ट, सायंकाळी ५.००

अक्का, आधी झोप घ्या. नोंदणी लागत होती, हे खरं. माल महाराष्ट्रात जातो, त्यामुळं ४० लाखांची सवलत नाही आणि कॉम्पोझिशनही नाही. नेहमीची नोंदणी घ्या. मिठाईला ५ टक्के. डबे, कुरिअर यांवरचा कर क्रेडिटमध्ये मिळेल. दूध करमुक्त, त्याचं काही नाही. उलाढाल ५ कोटींच्या आत म्हणून तिमाही रिटर्न निवडा. जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेला, जीएसटीआर-३बी आपल्याकडे २२ तारखेला. पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनानं.

मागच्या वर्षांचं लपवू नका. कुरिअरच्या पावत्या एकत्र करा, एका चांगल्या सल्लागाराकडे बसून आपणहून किती भरायचं ते काढा. नोटिशीआधी आपणहून कर आणि व्याज भरणाऱ्याला कायदा दंडातून सोडतो. आणि नोंदणी झाली की कर्नाटकचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, ३० एप्रिलच्या आत. तो लोक हमखास विसरतात.

---

बाची_नाका | ७ ऑगस्ट, रात्री ८.१५

अक्का, नोंदणीला लागणारे कागद मी नुकतेच काढलेत. पॅन, आधार, लाइट बिल, घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. कॉम्पोझिशन गेल्यावर माझं सगळं पुन्हा झालं, प्रत्येक कागद कुठं कसा चढवायचा हाताशी आहे. उद्या संध्याकाळी सातला दुकान बंद केल्यावर टिळकवाडीला येतो, बसून भरून टाकू.

---

कुंदा_घरचा | ७ ऑगस्ट, रात्री ८.४०

या की दादा. घर माझ्याच नावावर आहे. कुरिअरच्या पावत्या डब्यात आहेत, महिन्याप्रमाणे लावून ठेवते.

---

बाची_नाका | १९ ऑगस्ट, सकाळी ९.१०

अक्कांचा नंबर आला, २९ नं सुरू होणारा. काल पुण्याच्या पार्सलचं पहिलं बिल केलं. राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र, आयजीएसटी ५ टक्के. मागचा हिशेब सल्लागाराकडे दिलाय, पुढच्या आठवड्यात भरतील. हिशेबनीसकाका, बिलात कुरिअरचे पैसे वेगळे दाखवले तर त्यावर कर किती लावायचा, हे राहिलं विचारायचं.

---

जुना_हिशेबनीस | १९ ऑगस्ट, सकाळी ९.५५

कुंद्याबरोबरच जातं ते, कुंद्याचाच दर. ५.